नाण्याच्या कडेवरची खोट आधी दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

नाव कुठे घालायचं नाही असं तुम्ही बजावलंय, ते पाळतो. आभार मात्र चारचौघांत मानणार, त्याला तुमची हरकत चालणार नाही.

वर्ष संपत आलं की आम्हा नाणी जमवणाऱ्यांच्या याद्या सुरू होतात. यंदा काय मिळालं, त्यातलं लाडकं कुठलं, फोटो, वजन, साल. विकणाऱ्याचं नाव या याद्यांत कधीच नसतं. माझ्या यंदाच्या यादीत वरची चारही नाणी तुमच्या हातून आली आहेत. चारही परदेशी. तीन नक्की मुंबईत, फोर्टातल्या टांकसाळीत पाडलेली. उरलेल्या एकाबद्दल तुम्हीच कागदावर प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

त्या एकापासूनच सुरुवात करतो, कारण हे पत्र मुळात त्याच्यामुळे लिहितोय.

मारिया थेरेसा थालर. साल 1780. ही ऑस्ट्रियाची सम्राज्ञी 1780 च्या नोव्हेंबरात वारली, पण तिच्या चेहऱ्याचं चांदीचं नाणं तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर इतकं मानलं जात होतं की पुढची दीडशेहून जास्त वर्षं तेच साल घालून ते पाडलं गेलं. 1935 मध्ये मुसोलिनीने इथिओपियाच्या स्वारीसाठी ठसे रोमला नेले. त्यावर लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स अशा टांकसाळींनीही थालर पाडायला घेतला. 1940 आणि 1941 मध्ये इटालियन फौजेविरुद्धच्या मोहिमेसाठी एकट्या मुंबईच्या टांकसाळीने पावणेदोन कोटींहून जास्त थालर पाडले. मुंबईच्या हातांनी ऑस्ट्रियाची राणी, आणि खर्चायची आफ्रिकेत!

घोळ असा की साल सगळ्यांवर तेच, आणि टांकसाळीची खूण म्हणून काही नाही. चेहऱ्याखाली ‘एस. एफ.’ ही अक्षरं असतात, पण ती ग्युन्झबुर्गच्या जुन्या टांकसाळीतल्या दोन अधिकाऱ्यांची. तीही सगळीकडे तशीच उतरवलेली. मग ओळखायचं कशावरून? गरुडाच्या शेपटीची पिसं, खांद्यावरच्या ब्रोचमधले मोती, अक्षरांमागचे ठिपके, असल्या बारकाव्यांवरून. लंडन, बर्मिंगहॅम आणि मुंबई या तीन ठिकाणच्या नाण्यांत तर फरक इतका बारीक की भिंगाखाली धरूनही माणूस अडखळतो. बाजारात मात्र जो तो छातीठोकपणे ‘बॉम्बे मिंट’ म्हणून चढा भाव लावतो. तुमच्या चिठ्ठीवर ‘मुंबई’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह होतं. त्या एका चिन्हाने नाण्याचा भाव खाली येणार हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं.

पण तेही नंतरचं. आधी तुम्ही जे केलंत ते खरं. मी चेहरा बघत होतो. तुम्ही नाणं माझ्या हातातून काढून घेतलंत, दिव्याखाली आडवं धरलंत आणि कड फिरवत फिरवत थांबलात. थालरच्या कडेवर लॅटिन बोधवाक्य असतं, ‘युस्तितिया एत क्लेमेन्तिया’, उठावाच्या अक्षरांत, मध्ये वेलबुट्टी. ती अक्षरं बोटाला लागतात. राणीच्या डोक्यावर, घड्याळाच्या काट्यात सांगायचं तर बाराच्या जागी, दीडेक अक्षर सपाट झालेलं होतं. त्यावर कानशीचे समांतर ओरखडे, आणि कोपऱ्यात डाखाचा मळकट राखाडी ठिपका. ‘कडी होती. दागिना होता कुणाच्या तरी गळ्यात. काढून घासलंय,’ एवढं बोललात आणि किंमत त्यानंतर सांगितलीत.

किंमत नंतर सांगितलीत, हे मुद्दाम पुन्हा लिहितो.

इथिओपियात, येमेनमध्ये हे नाणं दागिन्यात सर्रास गुंफत. त्यामुळे कडी लावलेले आणि नंतर काढलेले थालर ढिगाने आहेत. त्यात पाप काही नाही. चांदी 833 (हजारातले भाग), वजन 28.07 ग्रॅम, म्हणजे शुद्ध चांदी साधारण 23.4 ग्रॅम, ती कुठे जात नाही. पण संग्राहकाच्या दृष्टीने असं नाणं चांदीच्या भावापेक्षा फार वर जात नाही. म्हणूनच विकणारे कड दाखवत नाहीत. दोन झकास फोटो, एक छापाचा आणि एक काट्याचा. तिसरा फोटो मागितला की ‘कॅमेरा खराब आहे’. एका मोठ्या लिलाववाल्यांनी तर अशाच घासलेल्या नाण्याच्या वर्णनात ‘आकर्षक, नैसर्गिक कड’ असे शब्द घातले होते. तक्रार केली तर उत्तर आलं की वर्णन हे मत असतं, हमी नसते. पैसे परत नाहीत, दिलगिरी नाही, आणि पुढच्या महिन्यात नवा कॅटलॉग मात्र वेळेवर हजर! तुमच्या दुकानात (दुकान कसलं, एक टेबल आणि एक दिवा) चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ‘वजन 27.91. बाराला कडी काढली आहे. त्या हिशेबाने द्या.’ ती चिठ्ठी मी नाण्यासोबतच ठेवली आहे, वेगळ्या मायलरच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) पाकिटात, कारण कागद चांदीला चिकटून राहिला तर त्यातल्या गंधकाने नाणं काळवंडतं. हेही तुम्हीच सांगितलंत.

दुसरं नाणं ब्रिटिश ट्रेड डॉलर. हाँगकाँगची टांकसाळ 1868 मध्ये बंद पडली, व्यापाराला मात्र चांदीचा डॉलर हवाच होता. मग 1895 पासून तो मुंबईत पाडायला लागले, काही वर्षं कलकत्त्यातही. हातात त्रिशूळ आणि ढाल घेऊन उभी ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली देवी), मागे जहाज. पालथ्या बाजूला चिनी आणि जावी (मलय भाषेसाठीच्या अरबी वळणाच्या) लिपीत ‘एक डॉलर’. मुंबईचं ‘बी’ हे अक्षर त्रिशुळाच्या मधल्या दात्यावर कोरलेलं, इतकं चिमुकलं की दहापटीच्या भिंगाशिवाय त्याचा शोधही घेऊ नये. नकली नाण्यांत नेमका हाच दाता गचाळ असतो, किंवा ‘बी’च्या जागी नुसता गोळा.

या नाण्याच्या नकला इतक्या आहेत की अस्सल दिसलं तरी संशय घ्यावा. तुमची पद्धत इथे सविस्तर लिहून ठेवतो, नवशिक्यांच्या कामी येईल. वजन 26.95 ग्रॅम, चांदी 900. थोडं कमी, झिजेपुरतं, चालतं. पण 20-21 ग्रॅम भरलं आणि विकणारा ‘हलकी आवृत्ती होती’ म्हणाला तर उठून यावं. हलका झाला तो स्ट्रेट्स सेटलमेंट्सचा (सिंगापूर-मलाया भागातल्या ब्रिटिश वसाहतीचा) डॉलर, 1907 पासून, 20.21 ग्रॅम, ट्रेड डॉलर कधीच हलका झाला नाही. वजन बरोबर भरलं तरी काम संपत नाही, कारण हलक्या धातूची जाड चकती करून वजन जुळवता येतं. तेव्हा वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा आणि आकडा शून्य करायचा. नाणं दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं, पण तळाला आणि काठाला टेकू द्यायचं नाही. काटा जे दाखवेल ते नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या वजनाला त्याने भागायचं. 900 चांदीला 10.3 च्या आसपास यायला हवं, म्हणजे 26.95 ग्रॅमच्या नाण्याला काट्यावर साधारण 2.61. तीन ग्रॅमच्या पुढे गेलं की चांदी विसरा, तांबं-निकेलची भेसळ आहे. काटा 0.01 ग्रॅमचा हवा. आणि कडेच्या खाचांत बुडबुडे अडकतात. त्यांनी आकडा फुगतो आणि अस्सल नाणं उगाच हिणकस ठरतं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा. चुंबक उतारावरून घसरवून बघण्याचा जो खेळ लोक करतात त्याने लोखंड पकडता येतं, तांबं नाही. तांब्यावरही चुंबक चांदीसारखाच रेंगाळतो.

माझ्या डॉलरवर ब्रिटानियाच्या ढालीजवळ एक चिनी व्यापारी शिक्का ठोकलेला आहे. सराफाने तपासून मारलेली खूण. पूर्वी याला सरसकट ‘डाग’ म्हणत, हल्ली काही जण मुद्दाम शोधतात. तुम्ही दोन्ही बाजू सांगितल्यात आणि भाव डागाचा लावलात.

तिसरं ऑस्ट्रेलियाची कांगारूवाली पेनी, 1942. युद्धाच्या धामधुमीत ऑस्ट्रेलियाच्या टांकसाळींना काम आवरेना, म्हणून काही चांदीची नाणी अमेरिकेत पाडून घेतली आणि पेनी, हाफपेनी मुंबईत. राजाच्या गळ्याखाली ‘आय’ (इंडियाचा) आणि ‘पेनी’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका, ही मुंबईची ओळख. 9.45 ग्रॅम ब्राँझ, व्यास 30.8 मिलिमीटर. किंमत चहा-वड्याची. पण तांबड्या-तपकिरी मूळ रंगातली, न घासलेली मिळणं कठीण. चिंच लावून चकचकीत केलेल्या गुलाबी पेन्या हव्या तेवढ्या. घासलेली ओळखायची तर एकाच बल्बखाली नाणं हळूहळू फिरवावं. मूळ चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते, घासलेली जागच्या जागी मरते. बारीक रेषा दिसल्या तर त्या खोल आहेत की वर आलेल्या हे बघावं: ठशाला पॉलिश केल्याच्या रेषा नाण्यावर उठून येतात, कापडाने घासलेल्या आत गेलेल्या असतात.

या पेनीवर हिरवट चिकट थर होता. आधीच्या मालकाने मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेली. त्या पीव्हीसीतून जे पाझरतं ते धातू खातं. तुम्ही ती मला तशीच दिली नाहीत. काचेच्या वाटीत शुद्ध अॅसिटोन, वर झाकण, खिडकी उघडी, जवळ गॅस नाही. मग ताज्या अॅसिटोनमध्ये दुसऱ्यांदा. शेवटी न पुसता हवेत वाळवणं. नेलपॉलिश काढायचं द्रव चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. एवढ्याशा नाण्यासाठी एवढा उपद्व्याप करून नफा काय उरला असेल तुम्हाला? उलट कागदावर लिहिलंत: ‘हिरवं काढलं आहे. मानेजवळ खड्डा राहिला, तो राहणार.’

चौथं पूर्व आफ्रिकेचं शिलिंग, 1943, तेही ‘आय’ खुणेचं. डोंगरासमोर सिंह उभा, चांदी जेमतेम 250, त्यामुळे वापरलेली नाणी पिवळट दिसतात आणि लोक त्यांना नकली समजतात. याविषयी जास्त काही नाही. चांगलं आहे, पुरेसं आहे.

आणि एक न घेतलेलं. 1918 ची मुंबईची सोन्याची गिनी, सॉव्हरीन, घोड्याखालच्या जमिनीवर सालाच्या वर ‘आय’. तुमच्याकडे विकायला आली होती, वजन 7.98, व्यास बरोबर. तरी तुम्ही ‘ही नको’ म्हणालात. घोड्यावरच्या सेंट जॉर्जच्या चेहऱ्याला नाक नव्हतं आणि अक्षरांच्या मुळाशी पुरळ उठल्यासारखे ठिपके होते. सोनं खरं, नाणं खोटं, कारण गिनीच्या नकला बहुतेक वेळा खऱ्या सोन्यातच करतात. सोन्याच्या भावात गिऱ्हाईक सहज घेऊन गेलं असतं, कुणी बोट दाखवू शकलं नसतं. तुम्ही आणणाऱ्याला सराफकट्ट्यावर वितळवायला पाठवलंत.

नाण्यांच्या धंद्यात हुशार माणसं खूप आहेत. पुस्तकं पाठ आहेत, कॅटलॉगचे नंबर तोंडावर आहेत, ठशाचे फरक झोपेत सांगतील. पण समोरच्याला जे दिसत नाहीये ते आपल्या तोट्यात दाखवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. आणि गंमत म्हणजे त्यांच्याकडेच गर्दी नसते. जिथे ‘गॅरंटी गॅरंटी’ म्हणून पाट्या लटकतात तिथे रांग! असो. हे बदलायचं म्हणजे घेणाऱ्यांनी कड मागायला शिकलं पाहिजे: प्रत्येक वेळी, प्रत्येक फोटोत, विकणारा कितीही रुसला तरी.

आता काम सांगतो. 1942 किंवा 1943 ची ‘आय’वाली हाफपेनी आली तर बाजूला ठेवा. ठेच लागलेली असली तरी चालेल, पॉलिश केलेली नको. आणि थालरच्या प्रश्नचिन्हाचं काही उत्तर भिंगाखाली सापडलं तर चिठ्ठी बदलून द्या. भाव वाढला तर वरचे पैसे देईन.

काकूंना नमस्कार सांगा.

आपला,
एक गिऱ्हाईक