आठवण : आवडतं अंतराळयान, रविवारची बैठक

मंडळी, नमस्कार. येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी जमायचं आहे. विषय मागच्या वेळीच ठरलाय : पडद्यावरचं तुमचं सगळ्यात लाडकं अंतराळयान. आतापर्यंत जेमतेम चौघांनी नावं कळवली आहेत आणि त्यातले तिघे ‘स्टार वॉर्स’मधल्या ‘मिलेनियम फाल्कन’वाले! हरकत काही नाही, पण जरा दुसरीकडेही बघा की.

प्रत्येकाला पाच मिनिटं. कथानक सांगत बसू नका, ते सगळ्यांना पाठ आहे. यान बनवलं कसं, ते सांगा. नमुना म्हणून माझंच घ्या. १९६६च्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या ‘एंटरप्राइज’चं मोठं मॉडेल ११ फूट लांब होतं. आतल्या दिव्यांच्या वायरी डाव्या बाजूने बाहेर काढलेल्या, त्यामुळे कॅमेरा उजवीकडेच लावायचे. इतकं दिमाखदार यान, आणि एक कूस कायम झाकलेली! हे मॉडेल आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पुढे चाहत्यांनी पत्रांचा असा मारा केला की १९७६मध्ये नासाच्या पहिल्या स्पेस शटलला हेच नाव मिळालं. गंमत म्हणजे ते शटल अवकाशात कधी गेलंच नाही, फक्त वातावरणातल्या चाचण्यांसाठी वापरलं.

‘एलियन’ चित्रपटातल्या कळकट ‘नोस्ट्रोमो’वर बोलायला कुणी तयार आहे का? मालवाहू यानांवर नेहमी अन्याय होतो.

नावं शुक्रवार रात्रीपर्यंत कळवा. चहा आहे, खाऊ आपापला आणा.