पुनर्विकासात निघणारे जुने फर्निचर भंगारात जाऊ नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात कोथरूड, सहकारनगर आणि पेठांच्या भागात जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात सुरू आहे. जागा रिकामी करण्याची तारीख जवळ आली, की सोसायटीच्या पार्किंगमध्ये सागवानी पलंग, आरशाची कपाटे, वेताच्या खुर्च्या आणि पत्र्याच्या ट्रंका यांचे ढीग लागतात. भाड्याच्या लहान घरात हे सामान मावणार नाही आणि नव्या सदनिकेत सगळे फर्निचर नवेच करायचे आहे, या हिशेबाने ते मिळेल त्या भावात भंगारवाल्याला दिले जाते. लाकडाला पुष्कळदा तोही भाव मिळत नाही आणि चांगले सागवान जळणाला जाते. त्याच शहरात नव्याने संसार मांडणारी जोडपी आणि शिकायला आलेली मुले पार्टिकल बोर्डाची कपाटे हप्त्यांवर विकत घेत असतात. जुने सामान या घरांपर्यंत पोहोचावे, यासाठी महापालिकेने कायमची सोय करावी, एवढीच माझी मागणी आहे.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा रेझिनमध्ये कालवून दाबलेला तक्ता. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की तो कडेने फुगतो आणि बिजागरीचा स्क्रू एकदा ढिला झाला की त्याच जागी पुन्हा धरत नाही. पक्क्या सागवानात मुळातच तेल असल्यामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही, आणि ते कितीही वेळा घासून, रंधून पुन्हा उभे करता येते. कमी पैशांत घर लावणाऱ्याने या कारणासाठी तरी नव्या बोर्डापेक्षा जुन्या लाकडाचा विचार आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थात जुने ते सगळे चांगले नसते. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात वस्तू घेताना खण पूर्ण बाहेर काढून त्याची मागची, पॉलिश न केलेली बाजू पाहावी. लाकूड कोणते आहे, हे तिथेच कळते. पिठासारखा बारीक भुसा गळत असेल, तर आत कीड आहे. पलंगाच्या सांध्यांत आणि खिळ्यांच्या भोकांत काळे ठिपके दिसले, तर ढेकूण आहेत. अशी वस्तू फुकट मिळाली तरी घरात आणू नये. जुन्या गाद्या आणि उशा तर मी कोणालाच सुचवणार नाही.

दुरुस्तीला लोक उगाच घाबरतात. आमच्या घरी आलेल्या एका जुन्या खुर्चीचे चारही पाय डुगडुगत होते. लाकडात लाकूड बसवून केलेल्या अशा सांध्यांत पूर्वी सरस भरलेला असे. त्यावरच फेव्हिकॉल ओतले तर ते धरत नाही. म्हणून सांधा हलक्या हाताने उकलून, कोमट पाण्याच्या फडक्याने सरस मऊ करून, तो पूर्ण खरवडून काढावा लागतो. लाकूड वाळल्यावर फेव्हिकॉल लावून, पायांभोवती सुताची दोरी आवळून खुर्ची दिवसभर सपाट फरशीवर ठेवली, की ती पुन्हा घट्ट बसते. खिळा मारण्याची गरजच पडत नाही, उलट खिळ्याने जुने लाकूड चिरते. त्यानंतर आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवायचा आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पातळ हात कापडाच्या बोळ्याने द्यायचे. हे सारे साहित्य कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि त्याचा खर्च नव्या खुर्चीच्या किमतीपुढे अगदी किरकोळ असतो. लोखंडी कपाटाचे काम तर याहून सोपे आहे: गंज घासून काढणे, रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचा एक हात आणि वर ऑइल पेंट.

एका बाबतीत मात्र सावध राहिलेच पाहिजे. घरगुती रंगांतील शिशाच्या प्रमाणावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे केंद्र सरकारचे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वी रंगवलेल्या कपाटाच्या, विशेषतः लहान मुलांच्या पाळण्याच्या रंगात शिसे असू शकते. तो रंग कोरडा घासू नये; पाणी मारून, मास्क लावून, मुलांना दूर ठेवून काढावा आणि खरवडलेला गाळ गोळा करून बांधून ठेवावा.

खरी अडचण वाहतुकीची आहे. कपाट स्वस्तात मिळते, पण ते तिसऱ्या मजल्यावरून उतरवायची हमाली आणि टेम्पोचे भाडे धरले की गरजू माणूस मागे सरतो. केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये 'मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर' या मोहिमेतून शहरोशहरी 'आरआरआर' (रिड्यूस, रियूज, रिसायकल, म्हणजे वापर कमी, पुनर्वापर, पुनर्चक्रीकरण) केंद्रे उघडायला लावली आणि नागरिकांनी तिथे कपडे, पुस्तके, खेळणी आणून दिली. परंतु पिशवीत मावणारी वस्तू नेऊन देणे आणि पलंग नेऊन देणे यांत फार अंतर आहे. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था 'व्ही-कलेक्ट' उपक्रमात जुन्या कपड्यांबरोबर फर्निचरही स्वीकारते. हाताशी असलेल्या या अनुभवाचा महापालिकेने उपयोग करून घ्यावा.

प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत फर्निचर ठेवता येईल अशी एक कोरडी शेड असावी, तिथे एका सुताराला रोजगार मिळावा आणि ठरलेल्या दिवशी माफक दरात टेम्पो फिरावा. पुनर्विकासाला जाणाऱ्या सोसायटीने जागा रिकामी करण्याच्या महिनाभर आधी या केंद्राला कळवावे, अशी अट परवानगीतच घालता येईल. पावसाळ्यात उघड्यावर पडलेले सामान थोड्याच दिवसांत निकामी होते. त्यामुळे निदान शेडची व्यवस्था येत्या मे महिन्यापूर्वी व्हावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे