अव्या, त्या ज्युरीचं तुलाच सांगायचंय

अव्या,

माझं बीपी गोळीवर आहे, आई बरी आहे, नागपूर तापलंय. एवढे दिवस लिहिलं नाही त्याच्या शिव्या नंतर दे, आधी ऐक.

परवा आर्किटेक्चरच्या थिसिसची ज्युरी होती. एका पोरीनं बांगलादेशातल्या कॉक्स बाजारचा कुटुपालोंग कॅम्प घेतला होता, म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या निर्वासितांचा. शाळा अन् दवाखाना तिनं मुद्दाम कॅम्पच्या कडेला ठेवले, शेजारच्या बंगाली गावातली पोरंही येतील म्हणून. बाहेरून आलेल्या परीक्षकानं तिच्या शीटवर पेन आपटला, म्हणे कॅम्प आहे ना, टेम्पररीच ठेवा, माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर दिलं की झालं. अबे तो कमीत कमी आकडा आहे, आणीबाणीतला, त्यात जन्म काढायचा का कोणी? मार्क कापलेच. २०१७ ला आलेले रोहिंग्या अजून बांबू-ताडपत्रीत राहतात, मार्च २०२१ च्या आगीत हजारो खोपट्या गेल्या, अन् पुन्हा तशाच बांधल्या.

मला तिथंच आपलं जुनं भांडण आठवलं. तू म्हणायचास निर्वासितांना पक्कं बांधून दिलं की परतीची वाट बंद, सरकारं मोकळी. मग लेका आपण नॉर्ग्येलिंगला गेलो होतो ते आठव, गोंदिया जिल्ह्यातली तिबेटी निर्वासितांची वसाहत, १९७२ पासूनची. ती गालिचाच्या मागावरची आजी, गाठ मारायची, सुरीनं धागा कापायची, बोलताना हात थांबत नव्हता. घर, शेती, गोम्पा म्हणजे त्यांचा मठ, सगळं असून म्हणाली तिबेटला जायचंय. पक्क्या भिंतीनं तिची ओढ कुठं कमी झाली? (परत येताना तू गाडी पंक्चर केलीस अन् वर मलाच ढकलायला लावलीस, ते मी विसरलेलो नाही.)

पण नुसत्या भिंतींनी होत नाही हे तुझं खरं. फाळणीनंतर आलेले आपल्या जरीपटक्यातले सिंधी उभे राहिले कारण ते नागरिक होते, दुकान टाकायला कोणाची परवानगी नको होती. कल्याणच्या लष्करी कॅम्पाचं १९४९ ला उल्हासनगर झालं तेही तसंच. युगांडा निर्वासितांना जमिनीचा तुकडा देतं अन् काम करायची, फिरायची मोकळीक देतं, तरी माणसं वाढली तसे तुकडे लहान झाले, रेशनही कापलं. तुमच्या केनियात कालोबेयेईच्या निर्वासित वसाहतीत शाळा-दवाखाने तिथल्या स्थानिक तुर्काना लोकांसोबत एकत्र केले, हे मला फार पटतं, कारण गावाला पाणी नाही अन् कॅम्पाला टँकर असलं की गाव चिडणारच. पण तिथल्या निर्वासिताला वसाहतीबाहेर जाऊन काम करायला पासच मिळत नसेल तर त्या शाळेतून शिकून पोरानं करायचं काय? हेच डोक्यातून जात नाहीये बे.

तुझा फ्लॅट मिळाला का? वहिनीला नोकरी? पिल्लू मराठी बोलतं ना?

पोरीचे शीट मेल करतोय. तू तिथल्या काकुमा कॅम्पात राहिलायस, पाण्याचा हिशोब अन् बाजाराची जागा नीट बघ, जिथं चुकलंय तिथं झोडप, पण तिलाच थेट लिही. तिला वाटतंय तिची आयडियाच मूर्खपणाची होती.

तुझा,
बाळ्या