गेट नव्हे, उघाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गावात एक सूचना लागली : 'बांधावरील गेट दुरुस्तीसाठी 4 दिवस काढण्यात येणार आहे.' गाड्या जाऊ नयेत म्हणून खारबांधावर, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावर, एक लोखंडी गेट आहे, तेच असणार असं समजून कोणी फिकीर केली नाही. काढली होती ती उघाडीची झडप. त्यात अमावास्येचं उधाण आलं आणि खाडीचं पाणी थेट शेतात शिरलं. माझ्या दोन खाचरांत गुडघाभर खारं पाणी होतं. मीठ धुऊन जाईपर्यंत पेरणी लांबली. जाब विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, 'सूचना दिली होती की!'

दिली होती, हे खरं. पण त्यात 'उघाडी' हा एक शब्द असता तर सगळा गाव त्याच रात्री बांधावर जमला असता.

खारेपाटाबाहेरच्या, म्हणजे आमच्या या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्याबाहेरच्या, वाचकांसाठी सांगतो. खारबांधात पाण्याला वाट ठेवलेली असते आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेली झडप. भरतीचं पाणी ती दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. माणसाने हात लावायचा नाही, भरती-ओहोटीनेच मिटायचं आणि उघडायचं. म्हणून ती उघाडी.

माझा इंग्रजीवर राग नाही. उलट इंग्रज 'गेट' हा शब्द जपून वापरतो. घराचं ते 'डोअर', कुंपणाचं किंवा तटाचं ते 'गेट'. पाण्याचं असेल तर 'स्लूस गेट', आमच्यासारखी झडप असेल तर 'फ्लॅप गेट'. संगणकातल्या मंडलांनाही 'लॉजिक गेट' असं पूर्ण नाव आहे. 1972 च्या वॉटरगेट प्रकरणानंतर तर प्रत्येक भानगडीच्या नावाला 'गेट' चिकटायला लागलं, आणि वॉटरगेट हे मुळात वॉशिंग्टनमधल्या इमारतींचं नाव! इंग्लंडमधल्या यॉर्क शहराची गोष्ट मला फार आवडते. तिथे स्टोनगेट, मिकलगेट हे रस्ते आहेत, कारण तिथे येऊन वसलेल्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातल्या) लोकांच्या भाषेत 'गाता' म्हणजे रस्ता. तटाच्या वेशींना तिथे 'बार' म्हणतात. हजार वर्षं होऊन गेली तरी त्यांनी ती नावं पुसली नाहीत.

आणि आपण? किल्ल्याला महादरवाजा, त्याच्याच फळीत माणूस वाकून जाईल एवढी दिंडी, गावाला वेस, रेल्वेला फाटक, परसाला कवाडी. रत्नागिरी जिल्ह्यात माझ्या आजोळी गडग्याला (दगडी कुंपणाला) बेडं होतं : दोन खांबांना भोकं पाडलेली आणि त्यांतून सरकवलेले आडवे बांबू. माणसाला जायचं तर वरचे दोन सरकवायचे, गुरं सोडायची तर सगळे. आजी नुसता बांबूचा आवाज ऐकून सांगायची, पाहुणा आला की गुरं परतली. आज तिथे लोखंडी गेट आहे, त्याला गेटच म्हणावं. वस्तू नवी, नाव नवं. पण जिथे वस्तू जुनीच आहे, कामही तेच आहे, तिथे नाव बदलून काय मिळवलं?

संबंधित खात्याने सूचनांत आणि अंदाजपत्रकांत 'उघाडी' लिहावं. आपल्या वार्ताहरांनाही हीच विनंती. 'गेट फुटून शेती पाण्याखाली' या मथळ्यावरून मुंबईतल्या चाकरमान्याला गावात नेमकं काय फुटलं ते कळत नाही.

आमच्या बांधावर सध्या 'गेट क्र. 1', 'गेट क्र. 2', 'गेट क्र. 3' असं रंगवलेलं आहे. गावात त्यांना थोरली उघाडी, मधली उघाडी आणि देवळाकडची उघाडी म्हणतात. पावसाळ्याआधी रंगकाम पुन्हा निघेल, तेव्हा ही तीन नावं घालावीत. रंगाचा खर्च मी देईन.

आपला नियमित वाचक,
एक शेतकरी, खारेपाट, ता. अलिबाग