आठच वड्या केल्यात

प्रिय आई, आप्पा,
साष्टांग नमस्कार.

आप्पा, हे सगळं मोबाईलवरच टाईप करतेय पण नंतर झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून डब्यात ठेवणार आहे, कारण व्हॉट्सअपवर काहीही पाठवलं की तुम्ही न वाचता नुसता अंगठा पाठवता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख कळवली तेव्हाही अंगठाच आला होता. गल्लीतला एक पोरगा उद्या सकाळच्या एसटीने अमळनेरला येतोय, तो स्टँडवर उतरला की तुम्हाला फोन करेल.

डब्यात काय आहे ते आधी सांगते, नाहीतर आई झाकण उघडून "हाई काय शे व माय?" म्हणून डबा तसाच फळीवर ठेवून देईल. चॉकलेट पीनट बटर ओटमील बार आहेत. नाव लांबलचक आहे पण आई, तू त्याला दाण्याची वडीच म्हण, फार काही चुकणार नाही. खाली ओट्स आणि दाण्याचा भाजलेला थर, वर चॉकलेटचा थर, बस.

आणि हो, आठच केल्यात. त्यातल्या सहा तुमच्या, एक ह्यांनी खाल्ली, एक मी उभ्या उभ्या ओट्याजवळच संपवली.

आता तू म्हणशील, इतलंसं कशाला करायचं, गॅस-लाईट तेवढीच जाते. मलाही तसंच वाटायचं. आपल्याकडे दिवाळीआधी बेकरीत रवा, तूप, साखर घेऊन जायचो आणि पत्र्याचा मोठा डबा भरून नानकटाई पाडून आणायचो, रात्री अकरा वाजेपर्यंत नंबर लागायचा नाही, मी पोत्यावर झोपून जायची आणि आप्पा मला खांद्यावर टाकून घरी आणायचे. तेव्हा घरात चौदा माणसं होती, डबा तुळशीच्या लग्नापर्यंत सुद्धा पुरला नाही कधी. तेच माप हातात बसलंय माझ्या. जुलैत पोरगा पुण्याला होस्टेलला गेला आणि पुढच्याच रविवारी मी सवयीने मोठा ट्रे भरून हेच बार केले, चोवीस झाले. आम्ही दोघं पंधरा दिवस खात होतो, शेवटी शेवटी तर हे ऑफिसात वाटून यायचे आणि घरी येऊन लोकांना आवडले म्हणायचे, मला माहितीये कोणाला काय आवडलं ते. मग जाऊन सहा इंची चौकोनी टीन आणला. दुकानदार म्हणाला ताई हा लहान होईल, मी म्हटलं होऊ द्या.

पीनट बटर म्हणजे लोणी नाही हं आप्पा, त्यात दुधाचा थेंबही नसतो. शेंगदाणे भाजायचे, सालं काढून पाखडायचे आणि मिक्सरमध्ये फिरवायचे, एवढंच. आई, तुला गंमत सांगू का, तू कूट करताना मला नेहमी ओरडायचीस ना, जास्त फिरवू नको, तेल सुटेल, गोळा होईल, साबुदाण्याच्या खिचडीत मग कूट मोकळं पडत नाही म्हणून? तर तू ज्याला बिघडलं म्हणायचीस त्याच्याच पुढचं हे. आधी कूट होतो, मग भांड्याच्या कडेला चिकटतो, मग त्याचा एक घट्ट गोळा होऊन पात्यावर अडून बसतो आणि मिक्सर रडायला लागतो, इथे माणूस घाबरून बंद करतो. घाबरायचं नाही, मिक्सर थोडा गार होऊ द्यायचा, चमच्याने कडा खरवडायच्या आणि परत फिरवायचं, दोन-तीनदा असं केलं की एकदम तो गोळा मोडतो, चकचकीत होतो आणि धिरड्याच्या पिठासारखा ओघळायला लागतो. वरून तेल अजिबात घालावं लागत नाही, शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं. चिमूटभर मीठ तेवढं घालायचं. आणि थोडंच करायचं असेल तर चटणीचं छोटं भांडं घ्यायचं, मोठ्या भांड्यात वाटीभर दाणे नुसते कडेला उडत बसतात, पात्याला लागतच नाहीत.

दुकानातलं पण मिळतं पण मला नाही आवडत, त्यात बऱ्याचदा साखर असते आणि वर तेलाचा तवंग येऊ नये म्हणून वनस्पती तुपासारखं थिजवलेलं तेल घातलेलं असतं. आणि थिजवलेलं तेल म्हटलं की आपलं अमळनेरच आठवतं. आप्पा, तुम्हीच सांगायचे ना, आजोबा शेंगांची पोती बैलगाडीत घालून अमळनेरला न्यायचे ते. तिथेच १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स म्हणून वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच आजची विप्रो. पोराला हे सांगितलं तर त्याला खरंच वाटेना, त्याच्या कॉलेजात सगळे विप्रोत कॉम्प्युटरची नोकरी मागतात आणि सुरुवात आपल्याकडच्या तेल-तुपापासून. त्याने लगेच नेटवर बघितलं आणि गप्प बसला.

ओट्सचं पण सांगते कारण आप्पा नाक मुरडणार. मागे डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी ओट्स खा म्हटलं तर तुम्ही दवाखान्यातच म्हणालात की हे तर मी गायीला टाकायचो, रब्बीत विहिरीजवळच्या वाफ्यात ओट पेरायचो. बरोबरच आहे, तेच पीक, फक्त तुम्ही हिरवं कापून घालायचात आणि इथे दाणा वाफवून रूळाखाली चपटा केलेला असतो, पोह्यासारखा. साधेच ओट्स आणायचे, पाकिटावर मसाला लिहिलेलं नाही. ह्यांना एकदा आणायला सांगितलं तर मसाला ओट्स घेऊन आले, मीही न बघता कढईत ओतले आणि चॉकलेटला वाटाणे आणि कांदा-लसणाचा वास आला. ते आम्ही दोघांपैकी कोणीच खाल्लं नाही.

कृती लिहितेय म्हणजे आई तू करून बघशील म्हणून, नाही केलीस तरी चालेल. एक कप ओट्स कढईत तूप न घालता मंद गॅसवर भाजून घ्यायचे, खमंग वास आला की बंद, मग त्यातले अर्धे मिक्सरमध्ये जाडसर करायचे आणि अर्धे तसेच ठेवायचे, सगळे बारीक केले तर वडी पिठूळ लागते आणि सगळे अख्खे ठेवले तर कापताना भुगा होतो. पाव कप किसलेला गूळ एक चमचा तुपात फक्त विरघळेपर्यंत गरम करायचा, पाक करायचा नाही, पाक झाला की चिक्की झाली आणि आप्पांच्या कवळीचे हाल. त्यात पीनट बटर पाऊण वाटी नाही हं, कपाचा तिसरा हिस्सा, आणि अर्धं पिकलेलं केळं कुस्करून. बाहेरच्या रेसिपीत इथे अंडं असतं, मोठ्या मापात एक अंडं आणि कमी केलं की अर्धं अंडं, ते कुठून आणायचं, शिवाय तुमच्या गळ्यात माळ. केळ्याने तेच काम होतं, मिश्रण धरून ठेवतं. मग ओट्स, तीन चमचे कणिक, चिमूटभर मीठ, पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा. टीनला बटर पेपर लावून वाटीच्या बुडाने घट्ट दाबायचं, जेवढं दाबशील तेवढी वडी नीट कापली जाते. ओव्हनमध्ये १८० डिग्रीवर अठरा-वीस मिनिटं. तुझ्याकडे ओव्हन नाही पण कुकर आहे, शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मीठ पसरून, वर स्टँड ठेवून मंद आचेवर अर्धा तास लागेल. काढल्यावर मऊच लागते, कच्ची राहिली म्हणून परत आत टाकू नकोस, गार होता होता ती आवळते. माझ्या बाबतीत चौदाव्या मिनिटाला लाईट गेली. मी ओव्हनचं दारच उघडलं नाही, आतल्या गरमीवर तशीच ठेवली, कडा जरा जास्त लाल झाल्यात पण त्यातल्या सगळ्यात लाल दोन आम्हीच खाल्ल्या.

चॉकलेट साठ ग्रॅम, कडू असतं ते डार्कवालं, वाटीत घालून गरम पाण्यावर वितळवायचं. वाटीत पाण्याचा एक थेंब गेला तरी ते एकदम खरखरीत घट्ट होऊन बसतं, म्हणून चमचासुद्धा कोरडा पुसून घ्यायचा. त्यात एक चमचा पीनट बटर, म्हणजे थर मऊ राहतो आणि सुरीखाली तडकत नाही. सध्या थंडी आहे म्हणून पाठवतेय, आखाजीला मागितलंत तर मिळणार नाही, आपल्या मे महिन्यात चॉकलेट एसटीतच पातळ होऊन पिशवीतून गळेल.

आप्पा, दाणे मी मुद्दाम एकदम गुळगुळीत वाटलेत, एकही कणी कवळीखाली जाणार नाही. पण गूळ आहे, साखर नाही, म्हणून दोन दोन खायच्या नाहीत, शुगरला दोन्ही सारखंच. दिवसाला अर्धी. आई मोजायला बसेलच.

आई, दिवाळीत आले तेव्हा तुझ्या फ्रीजमध्ये सात डबे मोजले मी. कालची डाळ, परवाची भेंडी, वर पाच दिवसांचं भरीत, आणि आप्पांना ताजी भाकरी वाढून तू शिळं घेऊन बसलीस. मी काही बोलले नाही कारण मी पण इथे तेच करत होते, जुलैपासून. कुकरला दोघांचा भात लावताना हात थांबतच नाही, अजून एक मूठ पडतेच. मग मी तांदळाच्या डब्यातलं मोठं माप काढून चहाचा कप टाकून ठेवला. तुझ्यासाठी पण एक कप पाठवतेय, कागदात गुंडाळून खाली ठेवलाय, कानतुटका आहे पण माप बरोबर आहे. दादाला सांगू नकोस, तो हसेल.

आणि डबा रिकामा परत द्यायचा नसतो हे मला माहितीये. म्हणूनच एवढासा डबा घेतलाय, त्यात चारपेक्षा जास्त सांजोऱ्या बसत नाहीत. वर पिशवी लावून पाच किलो बिबडे पाठवू नकोस, त्या पोराला एसटीत उभं राहून यायचंय.

तुमची,
ताई

ता. क. आप्पा, वडीखालचा कागद सोलून मग खा.