नायगावच्या मामांना जाहीर जयभीम

मामा, सविनय जयभीम.

समोर बसून आभार मानले असते तर "चहा पी आणि गप बस" म्हणाला असतात, म्हणून चारचौघांत लिहितोय. नाव घालत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, आणि ज्यांनी तुमच्यासोबत झील धरली, म्हणजे मुख्य गाणाऱ्यामागे उभं राहून सूर धरला, त्यांना सांगायची गरजही नाही.

मालिकेत वाड्यावरच्या गड्याचं काम मिळालं तेव्हा मी तुमच्याकडे आलो होतो. गाणं नाही, संवाद मोजकेच. जन्मभर माईकपुढे छाती फुगवून पोवाडे म्हटलेल्या माणसाने तिथे उभं राहून करायचं काय? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मोबाइलवर लोकशाहीर विठ्ठल उमपांचं 'जांभूळ आख्यान' हे द्रौपदीच्या गोष्टीचं लोकनाट्य लावलंत आणि म्हणालात, "आवाज बंद करून बघ."

उमपांचा आवाज बंद करायचा! पण केला. अंगावर तोच गोंधळ्याचा वेश, ना साडी ना मुकुट, आणि तरी आत्ता कृष्ण कोण नि द्रौपदी कोण हे विचारावं लागत नव्हतं. पाच नवऱ्यांची बायको, मन गेलंय कर्णावर, बोलणार कुणाजवळ? ते सगळं त्या म्हाताऱ्या माणसाच्या मानेत आणि खांद्यात दिसत होतं. तुम्ही खाटेवर बसून सुपारी कातरत होतात. मधेच अडकित्ता थांबवून म्हणालात, "हा उतारवयात नट झाला असं लोक म्हणतात. अरे, आंबेडकरी जलशात, त्या गाण्या-नाटकाच्या कार्यक्रमात वाढलेल्या पोराला वेगळं नट व्हावं लागतं का?" खरंच आहे. 1931 साली मुंबईच्या याच नायगावात जन्मलेला माणूस. जलशात गण म्हणणाराच पुढे फार्सात सावकार व्हायचा आणि वगात पाटील. गाणं नि सोंग वेगळं काढायची सोयच नव्हती.

मग 2008 सालचा 'टिंग्या' सिनेमा. जुन्नरकडचं रान, चितंग्या बैल, आणि उमपांची छोटीशी भूमिका. या वेळी आवाज चालू ठेवायचा होता. "तो बोलतो कसा ते सोड. दुसरा बोलत असताना काय करतो ते बघ." आणि मग ते वाक्य, जे मी वहीत लिहून सेटवर नेलं: "झील धरणाऱ्याचं अर्धं काम ऐकायचं असतं. मुख्य गाणाऱ्याचा श्वास कुठे तुटणार हे त्याच्याआधी आपल्याला कळलं पाहिजे. कॅमेऱ्यापुढे तेवढंच कर."

तेवढंच केलं. मालकीणबाईंचं काम करणाऱ्या ताई बोलत होत्या, मी त्यांच्या श्वासावर कान ठेवून उभा होतो. टेक झाल्यावर दिग्दर्शक म्हणाला, गड्याचा एक क्लोजअप घेऊ. वेळापत्रकात तो नव्हता.

एका गोष्टीवर मात्र तुमच्याशी वाद आहे. नोव्हेंबर 2010 मध्ये नागपूरला दीक्षाभूमीच्या मंचावरच उमप कोसळले आणि गेले. कलावंताला असंच मरण यावं, असं मी म्हणालो तर तुम्ही भडकलात. "कसलं भाग्य? अजून वीस भूमिका होत्या त्याच्यात." मला अजून माझंच म्हणणं पटतं. पण सिनेमावाल्यांना शाहीर दिसतो तो डफ घेऊन चौकात गाण्यापुरता, न गाणारा बाप किंवा शेजारी म्हणून त्याला कुणी बोलवत नाही, ही तुमची तक्रार सोळा आणे खरी. आख्यान निदान त्यांच्या मुलाने, नंदेश उमपांनी पुढे चालू ठेवलं. न मिळालेल्या भूमिका कोण चालवणार?

मालिकेचे पैसे नव्वद दिवसांनी मिळतात म्हणे, तोवर पेढ्यांची वाट बघू नका. संबळाचं कातडं उतरलंय ते काढून ठेवा, रविवारी येऊन मढवायला घेऊन जातो. त्याचे पैसे देऊ केलेत तर भांडण होईल.

तुमचाच,
मागच्या रांगेतला झीलकरी