विनोदी पिक्चर लिहितो कोण, ते पण छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आम्ही घरची सहा माणसं नवीन मराठी विनोदी पिक्चर बघायला पणजीला गेलो. पिक्चरचं नाव लिहीत नाही, पण अडीच तासांत माझी आई एकदाच हसली, आणि तेही पुढच्या रांगेतलं कोणाचं तरी बाळ खिदळलं म्हणून. पिक्चरभर एक जाडा माणूस होता, तो दर दहा मिनिटांनी पडायचा आणि पडला की टॉइंग करून आवाज. तो कोण, घरी कोण आहे त्याच्या, एवढा कसल्या घाईत असतो, काही म्हणजे काही सांगितलेलं नाही. नट चांगले होते, जीव तोडून करत होते बिचारे, पण त्यांना बोलायला कोणी काही लिहूनच दिलं नव्हतं.

परत येताना गाडीत विषय निघाला 'अशी ही बनवाबनवी'चा. १९८८ चा पिक्चर, आमच्याकडे टीव्हीवर लागला की अजून ताटं घेऊन सगळे हॉलमध्ये येतात. त्यातला धनंजय माने बायकोची ओळख करून देताना 'ही माझी'च्या जागी 'हा माझा' म्हणून जातो. एवढंच, दोन शब्द. पण ते शब्द तिथे नेमके पडावेत म्हणून आधी किती रचून ठेवलंय बघा, चौघांना पुण्यात जागा नाही, घरमालकीणबाई जोडप्यांनाच ठेवणार, म्हणून दोघांनी साड्या नेसल्यात आणि एक शब्द चुकला तर सामानासकट रस्त्यावर. मूळ गोष्ट 'बीवी और मकान' या १९६६ च्या हिंदी पिक्चरवरून आलेली, पण ती मराठीत बोलती केली वसंत सबनीसांनी. 'सोंगाड्या' पिक्चर त्यांचाच, 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य पण त्यांचंच. गाडीत मी विचारलं, अशोक सराफ, लक्ष्या, सचिन सगळ्यांना पाठ, सबनीसांचं नाव एकालाही सांगता आलं नाही. मला खरंच वाईट वाटलं.

माझा भाऊ म्हणतो चांगला नट असला की तो तिथल्या तिथे काढतो, लिहायला कशाला पाहिजे, आपल्या पेडण्याकडच्या दशावतारात कुठे संहिता असते. नसते, कबूल. पण संकासूर काळा झगा घालून, लाल जीभ लोंबवत येतो तेव्हा तो वेद चोरणारा आहे हे जत्रेतल्या पोरांना पण माहीत असतं, पुढे विष्णू येणार हे पण माहीत असतं. गोष्ट पक्की आहे म्हणून बोलणं सुटं सोडता येतं. पिक्चरवाल्यांकडे गोष्टच नसते आणि मग ते नटाला सांगतात तू काहीतरी कर.

परवाचीच गोष्ट, आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलवर पोंपों करत आला. आई म्हणाली, काय रे, उंडे (गोल पाव) लहान झाले तुझे. तो टोपलीवरचं प्लास्टिक सारत म्हणाला, "उंडो तोच गे माय, तुजो हात व्हड जाला." म्हणजे उंडा तोच, तुझा हात मोठा झाला. आईने ही गोष्ट तीन दिवस सगळ्यांना सांगितली. त्याला दर वाढवता येत नाही, तिला दुसरा पोदेर नाही, दोघांची अडचण त्या एका वाक्यात आहे. हाच माणूस सिनेमात आला की मात्र बाटली घेऊन झिंगणारा आणि प्रत्येक वाक्याला 'मॅन' म्हणणारा गोंयकार, म्हणजे गोव्याचा माणूस, होतो. मला ते बघवत नाही. पहाटे भट्टीपाशी उभं राहणारा माणूस लिहिणाऱ्याने एकदा तरी जवळून बघावा.

तुमच्या पेपरातली परीक्षणं मी दर आठवड्याला वाचतो. नट, दिग्दर्शक, गाणी, सगळं असतं, कथा पटकथा संवाद कोणाचे ते बहुतेक वेळा नसतं. निदान विनोदी पिक्चरच्या परीक्षणात तरी लेखकाचं नाव पहिल्या परिच्छेदात छापा, आणि लिखाण फसलं असेल तर तेही त्याच नावाने लिहा.

आपला,
एक वाचक, म्हार्दोळ